साठ आणि पंधरा

प्रश्न साधाच होता, आणि धोंडुबाईला तो कळलाही नव्हता. नातीनं तोंडाचा चंबू करून "केल आझ अव्हे-व्हू?" असं म्हटलं तेव्हा ती लसूण सोलता सोलता म्हणाली, "कुणाला बोलवालीयास गं? कावळं बोलवालीयास का काय?" निशिगंधा खदाखदा हसली. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षातली पोरगी, सहा महिन्यांसाठी फ्रान्सच्या कॉलेजात जायची म्हणून ती भाषा शिकत होती आणि सोमवारी तिची तोंडी परीक्षा होती. "आज्जी, फ्रेंच हाय ते. तुमचं वय किती, असं इचारलो मी तुला. आता तू सांगायचं." तेवढ्यावर धोंडुबाईच्या बोटांतली पाकळी निसटली आणि सोफ्याखाली गेली. वाकून ती शोधायचं निमित्त झालं ते बरंच झालं. वाकलेल्या माणसाचं तोंड दिसत नाही. "तुला म्हायती न्हाय व्हय?" ती खालूनच म्हणाली. "कोपऱ्यावर एवढा बोर्ड लावलाय की तुझ्या बापानं. उचगावातलं कुत्रं बी वाचून जातंय." निशिगंधा म्हणाली, "तसं न्हवं, फ्रेंचमधी. म्हण, झे स्वासाँत-कँझ आँ. स्वासाँत म्हंजे साठ, कँझ म्हंजे पंधरा. त्यांच्यात सत्तरला येगळा शब्दच न्हाय. पंच्याहत्तर म्हणायचं तर साठ-पंधरा म्हणायचं." धोंडुबाई पाकळी घेऊन वर आली, पण ती सोलायचं विसरली. साठ आणि पंधरा. या घराचा उंबरा ओलांडून साठ वर्षं झाली होती, आणि ओलांडला तेव्हा पोरगी पंधराची आहे असं सांगितलं होतं. हे तिचं तिलाच कधी असं दोन ढिगांत दिसलं नव्हतं. सात समुद्रांपलीकडच्या कुणा लोकांनी, ज्यांचं तिच्याशी काही देणंघेणं नाही, गाठोडं सोडावं तसं तिचं वय सोडून पुढ्यात मांडलं होतं. एक ढीग खरा. दुसरा दुसऱ्याचा. तिची जीभ आपोआप वळली आणि डाव्या दाढेच्या मागं जाऊन काहीतरी चाचपायला लागली.

तो बोर्ड त्याच दिवशी, गुरुवारी सकाळी लागला होता. वर बाकदार अक्षरांत 'आक्कांचा अमृतमहोत्सव', खाली तिचा फोटो, तोंडाला इतका उजाळा दिलेला की ती मेल्यावर लावायचाही हाच फोटो काढून ठेवलाय की काय असं तिला वाटलं. विजयसिंहनं, तिच्या एकुलत्या एक लेकानं, शिरोलीच्या कारखान्यातली माणसं पाठवून तो विजेच्या खांबाला बांधून घेतला. रविवारी दोनशे पानं, मटणाचं जेवण, आणि त्याआधी पंच्याहत्तर दिव्यांनी ओवाळणं. गल्लीतल्या बायका तिला आक्काच म्हणायच्या. दळणाच्या गिरणीपासून दवाखान्यापर्यंत सगळीकडं आक्का. सून म्हणून आली तेव्हापासून पाच-दहा वर्षांत ते नाव तिला कधी चिकटलं, कुणी चिकटवलं, काही कळलं नाही, पण पहिल्यांदा कुणीतरी मागून "ओ आक्का" अशी हाक मारली तेव्हा ती वळली नव्हती. कारण आक्का ही हाक ती स्वतः मारत आली होती. बिद्रीकडच्या वस्तीवर, उसाच्या कडेला त्यांची दोन खणांची जागा, आणि तिथं आक्का पुढं आणि ती मागं. आक्का चार वर्षांनी मोठी. आक्का शाळेत दोन यत्ता गेली होती, तिचा दाखला होता, त्यावर नाव होतं धोंडुबाई आणि तारीख एक जून, कारण मास्तर सगळ्या पोरांना एक जूनच द्यायचे. आक्का शाळेतून आली की चिंचोके मांडायची आणि धाकटीला मोजायला शिकवायची, चुकली की डोक्यात टपली. धाकटीचा कुठं दाखला नव्हता. धाकटीचं नाव चिमणा होतं.

हे नाव मनात उच्चारताना सुद्धा तिनं आजूबाजूला पाहिलं. निशिगंधा कानात हेडफोन घालून गॅलरीत गेली होती.

आक्काचं लग्न उचगावात ठरलं होतं. बागायतदार घर, विहीर, मुलगा आकाराम वीसचा. नवऱ्याच्या मामानं एकट्यानं येऊन पोरगी बघितली होती, ती पण पदराआडून, तांब्या ठेवून आत जाईस्तोवर. सुपारी फुटली, आणि लग्नाला दीड महिना असताना आक्काला ताप भरला. तिसऱ्या दिवशी ती गेली. धोंडुबाईला त्या दिवसातलं रडणं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की बाप दारात बसला होता, बराच वेळ बसला होता, आणि उठला तेव्हा त्यानं तिच्याकडं आधी कधी बघितलं नव्हतं तसं बघितलं, बैलाची उंची बघावी तसं. "धाकटी गेली म्हणून सांगायचं," तो आईला म्हणाला. "शब्द दिलाय मी. असलं घर पुन्हा हुतंय व्हय?" वस्तीवर शेजार दोन घरांचा, त्यांनी माना डोलावल्या, पोरीचं भलं होतंय तर होऊ दे म्हणाले. आणि मग दहाव्या दिवशी ओढ्याकाठी चिमणाचं दहावं झालं. पोरीसोरींचं एवढं कुणी करत नाही, पण आईनं हट्ट धरला. अकरा वर्षांची चिमणा गोठ्याच्या माळ्यावर कडब्यात लपून, फटीतून स्वतःचं दहावं बघत होती. भाताचा गोळा ठेवला. बापानं नाव घेतलं, चिमणा. जांभळीवर चार-पाच कावळे बसले होते. एक उतरेना. बापानं पुन्हा नाव घेतलं, लोकांकडं बघून मोठ्यानं घेतलं. कावळे माना वाकड्या करून बघत राहिले. ऊन चढलं. शेवटी आई उठली, गोळ्याजवळ जाऊन जमिनीला कपाळ टेकलं आणि काहीतरी पुटपुटली, आणि ती मागं सरते न सरते तोच पहिला कावळा आला. आई काय पुटपुटली ते चिमणाला माळ्यावर ऐकू आलं नाही. पुढं विचारायचं म्हटलं तर आईनं त्या दिवसापासून तिला धोंडी म्हणायला सुरुवात केली होती, आणि धोंडीनं असले प्रश्न विचारायचं काही कारणच नव्हतं.

शुक्रवारी घरभर ते वाक्य फिरत होतं. निशिगंधा जिन्यावर, मोरीत, जेवताना, सगळ्यांची वयं त्या भाषेत घोकत होती. बापाचं, आईचं, स्वतःचं. आणि मग, "मा ग्राँ-मेर आ स्वासाँत-कँझ आँ." माझ्या आज्जीला साठ आणि पंधरा वर्षं आहेत. ललिता, धोंडुबाईची सून, भाकरी थापता थापता हसून म्हणाली, "आत्ती, तुमचं वय आता फ्रान्सात बी पोचणार बघा." धोंडुबाईनं हातातला घास ताटात परत ठेवला. इथलं खोटं इथं मुरलं होतं. आधार कार्डात मुरलं, मतदार यादीत मुरलं, दवाखान्याच्या केसपेपरवर मुरलं. विजयसिंह सगळीकडं तारीख सांगायचा आणि ती नुसती सही करायची, आक्कानं कोळशानं गोठ्याच्या भिंतीवर शिकवलेली अक्षरं. कागद काय, कागदाला कुठं डोळे असतात. पण ही पोरगी तिकडच्या परक्या माणसांपुढं, ज्यांनी काही विचारलं नसतं तर बिघडलं नसतं अशांपुढं, विश्वासानं मान वर करून तेच सांगणार होती. पाप तिच्या जिभेवर बसणार होतं, आणि तिला ठाऊकही नसणार. "ते माझं वय सांगायचंच कशाला?" धोंडुबाई एकदम खेकसली. "दुसरी माणसं न्हाईत व्हय सांगायला? कुत्र्याचं सांग." निशिगंधा म्हणाली, "आज्जी, कुटुंबाची माहिती इचारत्यात. आणि तुझंच लक्षात राहतंय, नंबर अवघड हाय की."

दुपारी ती आडवी झाली, पण पाठ टेकली की पायाकडून थंडी वर यायची, मे महिन्यात. दिवे लावून ओवाळतात ते आयुष्य वाढावं म्हणून. कुणाचं? जिच्या नावानं लावणार ती पंधराव्या वर्षीच तापानं गेली. आणि जी पाटावर बसणार तिचं तर दहावं झालेलं. मग त्या पंच्याहत्तर ज्योतींपुढं नेमकं कोण बसणार? तिला वाटलं, इतकी वर्षं आपण अंधारात बरोबर लपून होतो, माळ्यावरच्या कडब्यात असल्यासारखं, आणि आता हे लोक पंच्याहत्तर दिवे घेऊन बरोबर तिथंच शोधायला येणार. जीभ पुन्हा दाढेमागं गेली. लग्नानंतर चौथ्या महिन्यात तिथला दात हलायला लागला होता. दुधाचा दात. पंधराच्या बाईचा दुधाचा दात पडतो का? चार दिवस तिनं तो जिभेनं दाबून धरला, सासूपुढं तोंड उघडलं नाही, मुकी आहे काय म्हणून शिव्या खाल्ल्या, आणि पाचव्या दिवशी भाकरीच्या पापुद्र्यात तो निघून आला तेव्हा चुलीत राखेखाली ढकलला. घरी असती तर आक्कानं तो शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकला असता. मग चोळ्या तोकड्या पडायला लागल्या. दर वर्षी. सासू दाराच्या चौकटीला तिला टेकवून उभी करायची आणि म्हणायची, "पंधरा सरल्यावर कोण एवढं वाढतंय गं? आमच्या घरचं पाणी मानवलं म्हणायचं." आकाराम जवळच बसलेला असायचा. तो काही म्हणायचा नाही. एकदाच, दोन पोरं होऊन एक गेल्यावर, तो म्हणाला होता, "तू लई बारकी हुतीस." बस्स, एवढंच. त्यापुढं तो म्हशीला पाणी दाखवायला गेला. त्याला कळलं होतं का? तो जाऊन आता नऊ वर्षं झाली, आणि विचारायचं तर तोच एक माणूस होता.

भित्री बाई म्हणून कुणी तिला ओळखत नव्हतं. उलट. लहान वयात मोठीचं सोंग घेऊन उभं राहायचं तर आवाज मोठा लागतो, आणि तो तिनं कमावला होता. पंधराची म्हणून आलेल्या अकराच्या पोरीनं वीस वर्षांत सासूला, जावांना, गड्यांना, ग्रामसेवकाला जरबेत आणलं. आणि खोट्याची तिला चीड होती. तोंडातच होतं तिच्या, खोटं बोलणाऱ्याच्या तोंडात माती. रात्री-अपरात्री विचार करायची सवय तिला नव्हती. पण आता भर दुपारी, पंख्याखाली, तिला संयोगिता दिसायला लागली. विजयसिंहसाठी बघितलेली पहिली पोरगी. गोरी नव्हती, पण हसायची छान, आणि विजू तिच्यावर खूश होता, दोनदा रंकाळ्यावर भेटून आलेला. साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी पोरीचं मार्कलिस्ट आणून दाखवलं. बावीस सांगितलेली पोरगी चोवीसची निघाली. दोन वर्षं. धोंडुबाई तडक त्यांच्या घरी गेली, सोप्यात मधोमध उभी राहिली आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "वय चोरणाऱ्याच्या घरात माझा पोरगा द्यायचा न्हाय मी. आज दोन वर्सं चोरली, उद्या आमचं घर चोरशीला." पोरीच्या आईनं पाय धरले होते. त्या बाईच्या हातांचा ओला गरमपणा घोट्याला लागला होता, आणि धोंडुबाईनं पाय सोडवून घेतले. पोरगी आतल्या दारात उभी होती, काही न बोलता. विजू दोन दिवस जेवला नाही, मग जेवला, मग ललिता आली, संसार चांगला झाला. पण आज धोंडुबाईला कळत होतं की त्या दिवशी ती एवढी का ओरडली. दोन वर्षांवर ती ओरडली नव्हतीच. चारांवर ओरडली होती.

संध्याकाळी विजयसिंह घरी आला तसं ती म्हणाली, "कार्यक्रम नको मला." तो बूट काढत होता. "का? काय झालं?" "पंच्याहत्तरी केली की माणूस जगत न्हाय. म्हातारी माणसं म्हणत्यात." "आई, तूच म्हातारी हायस. तू कधी म्हटलीस व्हय?" तो हसला, मग तिच्या तोंडाकडं बघून थांबला. पन्नाशीचा लेक, कपाळावर कारखान्याच्या काळ्या धुळीची रेघ, अगदी आकारामसारखा. "दोनशे माणसाला सांगून झालंय. बोर्ड लागलाय. आता माघारी कसं फिरायचं सांग? आयुष्यभर तू दुसऱ्यांची उठाठेव केलीस, एक दिवस गप बस की पाटावर." तिला वाटलं आत्ताच सांगावं. ओठ उघडलेही. पण त्या लेकाला सांगायचं म्हणजे नुसतं वय सांगायचं नव्हतं. वय सांगितलं की त्याच्या मागून संयोगिता येऊन उभी राहणार होती, आतल्या दारात, काही न बोलता. "हात-पाय धू," ती म्हणाली. "घाण वास येतोय ऑइलचा."

शनिवारी तीनच्या सुमाराला दिवे करायला घेतले. कणकेत हळद आणि मीठ घालून घट्ट गोळा मळायचा, लिंबाएवढं घेऊन वळायचं, आणि अंगठा दाबून खळगा करायचा, तेल-वात राहील एवढा. ललितानं आणि तिनं मिळून केले. ललितानं मोजून परातीत मांडले, "पंच्याहत्तर भरले बघा आत्ती, आता वाफवायचे," म्हणाली आणि हार-फुलं आणायला स्कूटर घेऊन गेली. धोंडुबाई परातीपुढं एकटी राहिली. पिवळे दिवे, ओलसर, प्रत्येकात अंगठ्याचा ठसा. तिचा आणि ललिताचा ठसा वेगळा ओळखू येत होता. मग तिचा हात पुढं गेला. तिनं ठरवलं नव्हतं, हात गेला एवढंच. एक दिवा उचलला, मुठीत दाबला. दुसरा. तिसरा, चौथा. चारांचा मिळून एक गोळा झाला, मऊ आणि गार. तिनं दुसरा हात ओट्याला टेकवला.

"सगळे झाले?" निशिगंधा आत आली. "थांब, मी मोजतो फ्रेंचमधी. प्रॅक्टिस हुईल." पोरगी परातीवर वाकली आणि एकेका दिव्याला बोट लावत म्हणायला लागली, अँ, द, त्र्वा, कात्र. ते बोट. चिंचोक्यांवर फिरायचं तसंच, नखाशी थोडं वाकडं. हे तिला आज दिसलं की आधीही दिसलं होतं आणि तिनं बघायचं टाळलं होतं? "ओंझ म्हंजे किती?" तिनं मध्येच विचारलं. "अकरा. बोलू नको, चुकतंय माझं." बोट पुढं गेलं. कँझ आलं आणि गेलं. तीस, चाळीस, पन्नास असं काहीबाही होऊन गेलं असावं, धोंडुबाईला कळत नव्हतं, ती फक्त बोट परातीच्या काठाकडं सरकताना बघत होती. "स्वासाँत," निशिगंधा म्हणाली, आणि आवाज चढवून, जिंकत आल्यासारखा, "स्वासाँत-दिस. स्वासाँत ए ओंझ." बोट हवेतच थांबलं. पुढं दिवा नव्हता. "संपले? आज्जी, मम्मीचं मोजायला चुकलंय. एकाहत्तरच हायत. चार कमी."

"कमी न्हाईत."

"अगं, मोजलो की मी."

"बराबर मोजलीस." धोंडुबाई पाटावर बसली. "आता मला इचार. ते परवाचं."

"काय? वय?" निशिगंधानं ओढणीला हात पुसले, परीक्षकासारखा गंभीर चेहरा केला. "केल आझ अव्हे-व्हू, मादाम?"

या भाषेत ती कधी खोटं बोलली नव्हती. या भाषेत ती काहीच बोलली नव्हती. जीभ दाढेमागून निघाली. "झे," ती म्हणाली. "झे स्वासाँत ए ओंझ आँ."

"कँझ, आज्जी. स्वासाँत-कँझ."

"कँझ बी येतंय मला. ऐकून ऐकून कान किटलं. ओंझ."

निशिगंधा हसायला लागली, आणि हसता हसता तिची नजर आज्जीच्या मुठीवर गेली, बोटांच्या फटीतून वर आलेल्या पिवळ्या कणकेवर. ती हसायची थांबली. हुशार पोरगी. "मग ते साठ-पंधरा कुणाचं?" तिनं हळूच विचारलं.

"आक्काचं."

"आक्का तूच की."

धोंडुबाईनं मूठ घट्ट मिटली. ती उठली, मागच्या दारानं बाहेर आली, आणि कंपाउंडच्या भिंतीवर तो गोळा ठेवला. तारेवर दोन कावळे होते. साठ वर्षं कुणी आक्काच्या नावानं घास ठेवला नव्हता. आक्का मेलीच नव्हती ना. ती मागं सरून उभी राहिली. कावळ्यांनी माना वाकड्या केल्या आणि बघत राहिले, अगदी तसेच. ऊन भिंतीवरून परतत होतं. नात मागं दारात उभी होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मग धोंडुबाई पुन्हा पुढं गेली, भिंतीच्या गरम सिमेंटला कपाळ टेकलं, आणि आई काय म्हणाली असेल ते तिला साठ वर्षांनी आपसूक कळलं, कारण त्याशिवाय दुसरं म्हणण्यासारखं काही नव्हतंच. "आक्का," ती पुटपुटली, "ह्यो तुझा हाय. चिमणा हितं हाय, जित्ती हाय. एकाहत्तर झाली तिला."

फाटकावर स्कूटरचा हॉर्न वाजला. ललिता झेंडूच्या पिशव्या सावरत आली आणि दोघींना उन्हात बघून म्हणाली, "आत्ती, काय करालाय हितं? दिवं वाफवायला ठेवलं का?"

"एकाहत्तर हायत मम्मी," निशिगंधा म्हणाली. तिचा आवाज नेहमीचा नव्हता.

"एकाहत्तर? कसं काय? असू दे, चार करतो की आणि, कणिक हाय."

"करायचे न्हाईत," धोंडुबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, म्हणूनच की काय ललिता जागच्या जागी थांबली. "विजूला फोन लाव. म्हणावं, कारखाना राहू दे, आधी घरी ये. त्याला एक सांगायचं हाय. आणि त्याच्यानंतर एका पोरीचा पत्ता शोधायचा हाय, त्याला ठाव असला तर."

ललितानं पिशव्या खाली ठेवून पर्समधला फोन काढला, नंबर लावला, कानाला धरला. रिंग जात होती, ती तिघींनाही ऐकू येत होती. धोंडुबाईनं मागं वळून पाहिलं. भिंतीवर हळदीचा एक ओला डाग होता. बाकी काही नव्हतं.